चांभाराचा टाका की तोराचं पान?
रोजचं जगणं देवाला वाहायचं, यावर पूर्व युरोपातल्या ज्यू समाजात दुमत नव्हतं. वाद होता तो कसं वाहायचं, यावर.

बाल शेम तोव्ह (मृत्यू १७६०) यांच्या हसिदी या भक्तिपरंपरेची भिस्त कब्बालातल्या, म्हणजे ज्यू गूढविद्येतल्या, एका कल्पनेवर होती. सृष्टीच्या आरंभी दिव्य तेजाची पात्रं फुटली आणि ठिणग्या वस्तुमात्रात विखुरल्या, असं १६व्या शतकात सफेद या गावच्या इसहाक लुरियांनी मांडलं होतं. मग जेवण, व्यापार, शिवणकाम, कुठेही त्या ठिणग्या वर पोचवता येतात. हसिदी मंडळी हनोख चांभाराची जुनी कथा आवडीने सांगत. चामड्याला घातलेल्या प्रत्येक टाक्यासरशी तो खालचं जग वरच्या जगाशी जोडायचा. हात आरीवर, चित्त देवापाशी.

विल्ना शहराचे गाओन, म्हणजे थोर विद्वान, एलियाहू यांना यात धोका दिसला. १७७२ मध्ये विल्नात हसिदींवर बहिष्कार पुकारला गेला. गाओन यांचे शिष्य हाईम यांनी व्होलोझिन गावी येशिवा, म्हणजे धर्माभ्यासाची पाठशाळा, उभारली. तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, अभ्यासावरच सृष्टी तगून आहे, ही त्यांची श्रद्धा. म्हणून तिथे रात्रीही पाळीपाळीने अभ्यास चाले. भाव हवाच, पण तो जुळेपर्यंत हसिदींसारखी प्रार्थनेची वेळ टळू देणं त्यांना मंजूर नव्हतं.

मला हसिदी वाट जवळची वाटते. ग्रंथ उघडायला फुरसत नसलेल्यालाही ती सामावून घेते. तरी एक शंका राहतेच: जेवताना आपण ठिणगी उचलतोय की नुसते जिभेचे चोचले पुरवतोय, हे ठरवायचं कोणी? पुढे काही हसिदी गुरूंनीच ही साधना सिद्धपुरुषांपुरती राखून ठेवली.