डेंग्यू-चिकुनगुन्याची टेस्ट करायची असेल तर आमच्या कर्वेनगरातल्या लॅबबद्दल

पाऊस सुरू झाला की सोसायटीच्या ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतंच, डेंग्यूची टेस्ट कुठे करू, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. आमच्या घराजवळ एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, मुलाला ताप आला तेव्हा रक्त तिथेच दिलं आणि आता कोणालाही तीच लॅब सांगते.

सगळ्यात जास्त काय आवडलं तर सुई काढायच्या आधीच तिथल्या दादांनी विचारलं, "ताई, ताप नेमका कुठल्या तारखेला चढला?" आणि ती तारीख फॉर्मवर लिहून घेतली. डेंग्यूत पहिले चार-पाच दिवस रक्तात एनएस-1 हा विषाणूचाच एक भाग सापडतो, मग तो कमी होत जातो आणि आयजीएम, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, दिसायला लागतात, त्यामुळे चुकीच्या दिवशी चुकीची टेस्ट केली तर डेंग्यू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि आईबाप निश्चिंत होऊन बसतात. पुढचा प्रश्न, मुलगा दिवसभर कुठे असतो, शाळा कुठली, क्लास कुठे. एडिस डास दिवसा चावतो ना, मग डास घरातलाच असेल असं थोडीच आहे. पत्ता पण सध्या राहतो तोच घेतला, विंग आणि फ्लॅट नंबरसकट.

हे सगळं एवढं का लिहितेय तर आधी सासूबाईंच्या वेळी अ‍ॅपवरून एका मोठ्या कंपनीला घरी बोलावलं होतं. मुलगा आला, रक्त घेतलं, गेला. रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह, रॅपिड (पट्टीवरची झटपट टेस्ट) केली की एलायझा (लॅबमधली जास्त खात्रीची टेस्ट) ते कुठेही नाही, आणि पत्ता छापलेला आधारवरचा, म्हणजे साताऱ्याकडच्या गावचा!! अहो डास कर्वेनगरात चावला आणि नोंद गावाकडची. एडिस फार लांब उडत नाही, जन्मला तिथून शे-दोनशे मीटरमध्येच फिरतो, त्यामुळे पेशंटचा पत्ता चुकला की साथ कुठे पसरतेय ते शोधणारा महापालिकेचा माणूस चुकीच्याच गल्लीत जाणार. आमच्याकडे तेव्हा कोणीच बघायला आलं नाही, येणार तरी कसं.

या वेळी रिपोर्टवर एनएस-1 एलायझा असं स्वच्छ लिहिलेलं होतं. सरकारी आकड्यांत एलायझाच पक्की केस धरतात, रॅपिडवाली संशयित. एलायझाला वेळ लागतो आणि पैसे पण थोडे जास्त, पण रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळेल हे त्यांनी आधीच सांगितलं आणि तेव्हाच मिळाला. पॉझिटिव्ह आल्यावर आम्ही महापालिकेला कळवतो, घरी माणसं येतील, हेही सांगितलं.

आणि आली. एकाने टॉर्च घेऊन बाल्कनीतल्या कुंड्यांच्या ताटल्या बघितल्या, मनीप्लांटची बाटली बघितली, मग फ्रिज पुढे ओढायला लावला. मागच्या ट्रेमध्ये जेमतेम बोटभर पाणी, टॉर्च मारला तर त्यात अळ्या वळवळत होत्या. आपण नुसती धूर फवारणी मागत बसतो, पण धुराने उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. त्यांनी शेजारच्या घरांत पण पाणी तपासलं, कोणाला ताप आहे का विचारलं.

असं घराघरातून माहिती घेऊनच तर मोठ्या गोष्टी कळतात. 2021 मध्ये पुरंदरच्या बेलसरला तापाची साथ होती, नमुने आपल्या पुण्यातल्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले, बरेचसे चिकुनगुन्याचे निघाले आणि त्यातच एक झिका (हाही एडिस डासामुळेच पसरणारा विषाणू), महाराष्ट्रातली पहिली केस. जून 2024 ला पुण्यातल्याच एरंडवण्यात ताप आणि अंगावर पुरळ आलेल्या एका डॉक्टरांचं रक्त तिथेच गेलं म्हणून शहरातला झिका समजला, मग त्यांच्या मुलीलाही निघाला आणि आजूबाजूला शोध सुरू झाला. झिकात बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही पण गरोदर बायकांच्या बाळाला धोका असतो, त्यामुळे फॉर्मवर गरोदर आहात का हेही ही लॅब विचारते, आणि लाजून ते लपवू नका प्लीज.

कमी काय आहे तर लिफ्ट नाही. चिकुनगुन्यात गुडघे इतके धरतात की एक मजला पण चढवत नाही, अशा माणसासाठी फोन केला तर दादा घरी येतात पण सकाळी लवकर नंबर लावावा लागतो. बसायला चारच खुर्च्या, पावसाळ्यात जिन्यापर्यंत रांग येते. पार्किंग नाहीच, गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा. जाताना ताप आल्याची तारीख आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा, प्लेटलेट वेगळ्या सांगाव्या लागतात. रविवारी दुपारनंतर बंद.