‘नील’ नावाच्या निमित्ताने अमेरिकी सरकारच्या नामसूचीची पारख

अमेरिकेत मूल जन्मले की साधारणपणे रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच जन्मदाखल्यासाठीची माहिती भरून द्यावी लागते. त्यामुळे तिथल्या मराठी घरांत बारसे होते, तेव्हा बाळाच्या कानात सांगायचे नाव सरकारी कागदावर आधीच चढलेले असते. त्याच वेळी बाळासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथला सरकारी ओळखक्रमांक, हवा का, अशीही विचारणा होते, आणि या क्रमांकासाठी आलेल्या अर्जांवरूनच सोशल सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हे सरकारी खाते दरवर्षी बाळांच्या नावांची क्रमवारी जाहीर करते. ही मोफत सेवा ‘नील’ हे एकच नाव घेऊन तपासली, कारण इंग्रजीत आणि मराठीत सारखेच चालेल असे नाव शोधणाऱ्या आईवडिलांच्या यादीत ते हमखास असते.

नाव टाइप करायचे, मुलगा की मुलगी ते निवडायचे, कुठल्या वर्षापासून पाहायचे ते सांगायचे. की वर्ष आणि क्रमांक अशा दोन रकान्यांचा साधा तक्ता समोर येतो. जाहिरात नाही, खाते उघडण्याची सक्ती नाही. ही सूची १९९७ साली याच खात्यातील विमागणिती मायकेल शॅकलफर्ड यांनी सुरू केली, आणि तीही स्वतःच्या होणाऱ्या अपत्याला फार प्रचलित नाव मिळू नये म्हणून. १९५४ ते १९९८ या काळात १९६० चा अपवाद सोडला तर मुलांमध्ये ‘मायकेल’च पहिला होता, हे लक्षात घेतले की त्यांची तळमळ समजते.

अर्थाबाबत ही सेवा चकार शब्द काढत नाही, आणि मला तो तिचा गुण वाटतो. बाळांची नावे सुचवणारी व्यापारी संकेतस्थळे इंग्रजी ‘नील’चा अर्थ ‘विजेता’ असा छातीठोकपणे देतात. प्रत्यक्षात हे नाव आयरिश ‘निअल’वरून आले असून त्याचा मूळ अर्थ निश्चित नाही, ‘वीर’ आणि ‘ढग’ असे दोन्ही तर्क केले जातात. व्हायकिंगांनी ते स्कँडिनेव्हियात नेले, नॉर्मनांबरोबर ते इंग्लंडमध्ये उतरले, आणि तिथल्या लेखनिकांनी त्याचे लॅटिन रूप ‘नायजेलस’ असे केले. काळा या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी त्याचे नाते जोडले गेले ते निव्वळ उच्चारसाम्यामुळे. आजचे ‘नायजेल’ हे नाव त्याच रूपातून आले आणि ‘नेल्सन’ म्हणजे मुळात नीलचा मुलगा. आपल्या संस्कृत ‘नील’शी या वंशावळीचा काही संबंध नाही.

सेवेची खरी उणीव स्पेलिंगमध्ये आहे. एन-ई-आय-एल, एन-ई-ए-एल आणि आपल्याकडची मंडळी लिहितात ते दोन ‘ई’चे नील, ही येथे तीन वेगळी नावे आहेत आणि त्यांची बेरीज कुठेच मिळत नाही. दोन ‘ई’च्या नीलमागे आपली परंपरा आणि ‘ई-आय’च्या नीलमागे आयरिश, असे मानावे तर तेही खरे नाही, कारण अनेक मराठी आईवडील शाळेत उच्चार बिघडू नये म्हणून मुद्दाम रूढ इंग्रजी स्पेलिंगच घेतात. शिवाय हा तक्ता पहिल्या हजारापुरताच आहे. त्याखालचे नाव पाहायचे तर संपूर्ण विदा (डेटा) उतरवून घ्यावी लागते, आणि तिथेही एखाद्या वर्षी पाचांपेक्षा कमी बाळांना मिळालेले नाव खासगीपणाच्या कारणास्तव वगळलेले असते. ते कारण रास्त आहे.

क्रमांकावर मात्र फार विसंबू नये. १८८० साली पहिल्या आलेल्या ‘जॉन’चा वाटा आठ टक्क्यांहून अधिक होता, तर २०१७ पासून अग्रस्थानी आलेल्या ‘लिअ‍ॅम’ला दीड टक्काही मिळत नाही, म्हणजे आजचा पहिला क्रमांक पूर्वीइतका वर्गावर्गांत भेटत नाही. हा वाटा नावाच्या तक्त्यात न दाखवता वर्षनिहाय यादीत वेगळा निवडावा लागतो, ही गैरसोय आहे. त्यातच १९३७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांनी सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी कधी अर्जच केला नव्हता, त्यामुळे जुने आकडे अपुरे आहेत, आणि हे खाते स्वतःच ते नमूद करते.

एखादे नाव किती रुळलेले आहे हे जाणून घेण्यासाठी यापेक्षा विश्वासार्ह मोफत साधन माझ्या पाहण्यात नाही. शोधताना मात्र नावाची सगळी स्पेलिंगे एकेक करून टाकून पाहावीत, आणि अर्थासाठी व्युत्पत्ती देणारा चांगला नामकोश वेगळा उघडावा.