ओरिएंटेशन सुधारायचं, सॉफ्टवेअर घ्यायचं की काउन्सेलर वाढवायचे?

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होता येतं) स्टुडंट सर्व्हिसेससाठी थोडे पैसे आले की कमिटीत लगेच तीन तट पडतात. कोणी म्हणतं ओरिएंटेशन नवं करू, कोणी म्हणतं अर्ली अलर्टवालं, म्हणजे मागे पडणारा मुलगा वेळेत दाखवणारं सॉफ्टवेअर घेऊ, कोणी म्हणतं काउन्सेलर, म्हणजे कुठले क्लास घ्यायचे वगैरे सल्ला देणारी माणसं, वाढवू. तुम्ही अशा कमिटीवर असाल तर माझं मत आधीच सांगतो, माणसं घ्या. पण नुसती माणसं घेऊनही भागत नाही, ते पुढे येतंच.

आधी ओरिएंटेशन. ऑनलाइनचा फायदा उघड आहे, नोकरी करून शिकणारे, घरी लहान मूल असलेले, हे लोक दुपारी दोनला कॅम्पसवर कुठून येणार. पण बघतं कोण नीट? व्हिडिओ एका टॅबमध्ये चालू, फोन हातात, शेवटी क्विझ, चुकलं उत्तर तर दुसरं दाबायचं, झालं ओरिएंटेशन. कॅलिफोर्नियात ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन (कुठल्या सेमिस्टरला कुठले क्लास) केल्याशिवाय नव्या मुलांना प्रायॉरिटी रजिस्ट्रेशन, म्हणजे क्लासला आधी नाव नोंदवायची संधी, मिळत नाही, म्हणून पूर्ण बरेच जण करतात, समजतं किती जणांना हा वेगळाच विषय. फायनान्शियल एड, पार्किंग, लायब्ररी वगैरे माहितीला ऑनलाइन पुरतं, त्यावर जास्त डोकं लावू नका.

प्रत्यक्ष बोलवायचं तर एकाच कामासाठी बोलवा, पहिल्या सेमिस्टरचे क्लास निवडायला. इथेच खरी गोची होते. एक मुलगा घ्या, इंजिनिअरिंगला ट्रान्सफर व्हायचंय, कॅटलॉगमध्ये बघतो तर स्टॅटिस्टिक्सने जनरल एज्युकेशनची (सगळ्यांना सक्तीच्या सामायिक विषयांची) गणिताची अट पूर्ण होते, मित्रही तेच घेतायत, हाही घेतो. युनिट मिळाले, ग्रेडही चांगली. पण त्याला लागणार होती कॅल्क्युलसची आख्खी साखळी, आणि कॅल्क्युलस नाही म्हणून इंजिनिअरिंगवालं फिजिक्सही घेता येत नाही, गेलं वर्ष. कॅलिफोर्नियातल्या कुठल्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या कुठल्या मेजरला (मुख्य विषयाला) काय चालतं ते असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर फुकट दिसतं, पण अशी साइट आहे हेच नव्या मुलाला माहीत नसतं. आणि आता वेळ नाही ही सबबही उरली नाही, कारण २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर कॅलिफोर्नियात गणित-इंग्लिशचं प्लेसमेंट (कुठल्या पातळीच्या क्लासला बसायचं ते) मुख्यतः हायस्कूलच्या मार्कांवर होतं, पूर्वी प्लेसमेंट टेस्टमध्ये जाणारा वेळ मोकळा झालाय.

सॉफ्टवेअरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. डेमो झकास असतो. लाल झेंडा येतो, अमुक मुलगा क्लासला येत नाही. बरं मग? तो झेंडा ज्या काउन्सेलरकडे जातो त्याच्याकडे आधीच हजारभर मुलं असतील तर त्याने करायचं काय, एक ठरलेला ईमेल पाठवायचा, जो मुलगा उघडणारच नाही. एमडीआरसी या संशोधन संस्थेने तीन ठिकाणी तंत्रज्ञानाच्या जोडीने सुधारलेलं अ‍ॅडव्हायझिंग तपासलं होतं, मुलांच्या निकालात म्हणावा असा फरक दिसला नाही.

आता माणसं. इथे दोन प्रयोग शेजारी ठेवून बघा, दोन्ही लॉटरी पद्धतीने मुलं निवडून एमडीआरसीनेच तपासलेले. ओहायोतल्या दोन कम्युनिटी कॉलेजांत काउन्सेलरमागे जास्तीत जास्त १६० मुलं ठेवली (एरवी हजाराच्या वर), वर सेमिस्टरला १५० डॉलर स्टायपेंड, पण हे सगळं फक्त दोन सेमिस्टर. कार्यक्रम चालू होता तोवर थोडा फायदा दिसला, नंतर ओसरला. दुसरा क्युनीचा, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या सरकारी युनिव्हर्सिटीचा असाप नावाचा कार्यक्रम, २००७ मध्ये सुरू झालेला. तिथे तीन वर्षं साथ, अभ्यासाच्या काळात अ‍ॅडव्हायझरमागे साधारण ६० ते ८० मुलं, उरलेली फी माफ, पुस्तकं आणि दर महिन्याला मेट्रोकार्ड (तेव्हाचं बस-सबवेचं कार्ड). ते कार्ड कार्यक्रमात नियमित भाग घेणाऱ्यालाच मिळायचं, म्हणजे अ‍ॅडव्हायझरला भेटायला मुलं यायचीच. तीन वर्षांत डिग्री घेणारे ४० टक्के, लॉटरीत न निवडलेल्यांत २२. नंतर ओहायोतल्या तीन कॉलेजांनी तोच नमुना उचलला, तिथेही ३५ विरुद्ध १९. म्हणजे काम करते ती नुसती कमी गर्दी नाही, दीर्घ साथ आणि यायलाच लागेल अशी भेट.

तोटे आहेतच. असाप फुलटाइम मुलांसाठीच, आणि कम्युनिटी कॉलेजात पार्टटाइमवाले ढिगाने. खर्चही प्रत्येक मुलामागे सुमारे ६० टक्के जास्त आला, अर्थात डिग्र्या इतक्या वाढल्या की एका डिग्रीमागचा खर्च उलट कमी पडला, हे बजेटवाल्यांना ठासून सांगा. कॅलिफोर्नियात आणखी एक मेख आहे, निदान निम्मा खर्च वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावर झाला पाहिजे असा नियम, आणि काउन्सेलर फॅकल्टी असूनही त्या निम्म्यात धरत नाहीत, त्यामुळे नवीन काउन्सेलर म्हटलं की अकाउंट्सवाले कपाळाला आठ्या घालतात.

तर पैसे एकदाच मिळणारे असतील तर ओरिएंटेशनमधली क्लास निवडायची बैठक नीट बसवा, काउन्सेलर घेऊ नका, वर्षाने काढावे लागतील. दरवर्षी येणारे असतील तर ते सगळ्या कॉलेजवर पातळ पसरू नका, दीडशे मुलांचा एक गट धरा आणि तीन वर्षं सोडू नका. पार्टटाइमवाल्यांसाठी संध्याकाळी सातनंतरच्या अपॉइंटमेंट्स मात्र उद्यापासून सुरू करा, त्याला ग्रँटची वाट कशाला बघायची.