व्हेनिस, ॲमस्टरडॅम की ब्रूज? बरोबर कोण येणार, त्यावरून ठरवा

गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या चार-पाच घरांनी मला एकच प्रश्न विचारला: युरोपात कालव्यांचं एकच शहर बघायचं असेल तर कोणतं? टूरबरोबर जायचं नाही, आपलं आपण ठरवून जायचं, हाताशी आठ-नऊ दिवस आहेत. मी या तिन्ही गावी वेगवेगळ्या माणसांबरोबर गेले आहे. व्हेनिसला नवऱ्याबरोबर, ॲमस्टरडॅमला आई आणि सासूबाईंना घेऊन, बेल्जियममधल्या ब्रूजला एकटी. त्यामुळे उत्तर देण्याआधी मीच दोन गोष्टी विचारते. बरोबरच्या सगळ्यात वयस्कर माणसाला एका दमात किती पायऱ्या चढता येतात? आणि रात्रीचा मुक्काम कुठे करणार?

मुक्कामाचा प्रश्न बऱ्याच जणांना गौण वाटतो. पण ही तिन्ही गावं दिवसभर येऊन-जाऊन असणाऱ्या पाहुण्यांनी भरलेली असतात. सकाळी आठच्या आत आणि रात्री जेवणं झाल्यावर कालव्याकाठी फक्त पाणी काठाला लागल्याचा आवाज येतो. तो ऐकायचा तर गावातच झोपायला हवं.

आधी पायऱ्यांचं बोलू

व्हेनिस म्हणजे शंभरावर छोटी बेटं आणि त्यांना जोडणारे चारशेहून जास्त पूल. जवळजवळ प्रत्येक पुलाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या. जुन्या गावात मोटार नाही, सायकलही चालवता येत नाही. कचरा, टपाल, भाजी, ॲम्ब्युलन्स, सगळं होडीनं. रेल्वे सांता लुचिया स्टेशनपर्यंत येते, बस पियाझाले रोमापर्यंत, आणि तिथून पुढे तुम्ही आणि तुमची बॅग. चाकाची मोठी बॅग प्रत्येक पुलावर उचलावी लागते. आम्ही हॉटेल निवडताना स्टेशनपासूनचं अंतर बघितलं, वाटेतले पूल मोजले नाहीत. सहा पूल निघाले, आणि खोलीत पोचेपर्यंत नवऱ्याचा खांदा भरून आला होता.

म्हणून व्हेनिसला जागा घेताना वापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीच्या, कोणत्या थांब्यावर उतरायचं आणि तिथून दारापर्यंत किती पूल लागतात, हे घरमालकाला लेखी विचारा. नुसत्या पत्त्यावर भरवसा ठेवू नका. व्हेनिसमध्ये घरांचे क्रमांक रस्त्यानुसार नसतात. गावाचे सहा भाग आहेत आणि एका भागातले क्रमांक हजारांत जातात. थांबा आणि घर एकाच बेटावर असेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसालाही व्हेनिस दाखवता येतं. तरंगत्या धक्क्यावरून जवळजवळ सपाट पावलानं बोटीत शिरायचं, पहिल्या क्रमांकाची संथ बोट धरायची आणि जवळपास पावणेचार किलोमीटरचा ग्रँड कॅनॉल बसल्या बसल्या बघायचा. तिथल्या हवेल्यांचे दर्शनी भाग पाण्याकडेच तोंड करून आहेत, त्यामुळे बोटीतून दिसतं ते चालून दिसत नाही.

ॲमस्टरडॅमचं नेमकं उलट आहे. बाहेर सगळं सपाट, पूल रस्त्याच्याच पातळीत किंचित उंचावलेले, ट्राम दाराशी. पायऱ्या घरात! जुनी कालव्याकाठची घरं इतकी अरुंद आणि उंच की जिना शिडीसारखा उभा असतो. बहुतेक घरांच्या माथ्यावर एक तुळई पुढे आलेली आणि तिला आकडा दिसतो. जिन्यातून जात नाही म्हणून कपाटं-पलंग आजही बाहेरून, खिडकीतून वर घेतात. आमची खोली अशाच एका घरात, तिसऱ्या मजल्यावर होती. फोटोत सुंदर, खिडकीत कालवा. पहिल्या सकाळी सासूबाई वरच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी आज खाली येत नाही, तुम्ही जाऊन या." दुसऱ्या दिवशी पैसे बुडवून आम्ही लिफ्ट असलेल्या साध्या हॉटेलात गेलो. त्यानंतरचे तीन दिवस त्या ट्राममधून खिडकीशी बसून गाव बघत होत्या आणि संध्याकाळी त्यांच्यापेक्षा आधी मीच थकून कालव्याकाठच्या बाकावर बसत होते.

एक मात्र त्यांना पहिल्याच तासात शिकवावं लागलं. सायकलच्या वाटेवर फोटोसाठी थांबायचं नाही. तिथे सायकलवाले कामावर निघालेले असतात, वेगात असतात, आणि वाट ही त्यांची असते.

ब्रूज लहान आहे. स्टेशनपासून मुख्य चौक चालत वीसेक मिनिटांवर, चढ नाही, गाड्या कमी. फरसबंदी मात्र जुन्या गोल दगडांची, घोट्याला त्रास देणारी, तेव्हा मऊ आणि जाड तळव्याचे बूट न्या. चौकातल्या बेलफोर्ट मनोऱ्याला ३६६ पायऱ्या आहेत. ज्यांना जमत नाही त्यांनी खाली चौकात बसून घंटानाद ऐकावा, काही हुकत नाही.

पाणी एकच, स्वभाव वेगळे

व्हेनिसचं पाणी समुद्राचं. भरती-ओहोटी कळते, वास येतो, काठावरच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. कोकणातल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटतं. ॲमस्टरडॅमचे कालवे आखणी करून खोदलेले आहेत. १६१३ पासून हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन अर्धवर्तुळाकार कालवे घेतले गेले, व्यापाऱ्याच्या घरासमोर माल उतरावा म्हणून. युनेस्कोनं ही रचना २०१० मध्ये जागतिक वारसा ठरवली. ब्रूजचं पाणी शांत, जवळजवळ थांबलेलं, कारण त्या गावाचं नशीबच पाण्यानं थांबवलं. समुद्राशी जोडणारी झ्विनची खाडी गाळानं भरत गेली, व्यापार अँटवर्पला गेला, गाव गरीब झालं आणि जुनी घरं पाडून नवी बांधायला कोणाकडे पैसाच राहिला नाही. आज आपण जे मध्ययुगीन ब्रूज बघतो ते त्या गरिबीनं राखलेलं आहे. कितीतरी युरोपीय भाषांमध्ये शेअर बाजाराला ‘बोर्स’सारखा जो शब्द आहे तो याच गावातल्या फान डर बर्से घराण्याच्या खानावळीवरून आला. ते घर अजून उभं आहे, त्याच्यासमोर मी बराच वेळ थांबले होते.

आपला धागा शोधायचा असेल तर व्हेनिसला सान मार्कोच्या चौकातून पाण्याकडे जाताना उजव्या हाताला टांकसाळीची जुनी इमारत दिसते, तिथे थांबा. १२८४ पासून व्हेनिस सोन्याचं डुकाट नाणं पाडत होतं. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, असे. मसाल्यांच्या व्यापारातून ही नाणी दख्खनपर्यंत आली, आणि वर माणसांच्या आकृती म्हणून आपल्याकडे त्यांना पुतळी म्हणू लागले. पुतळ्यांच्या माळेतली ती पुतळी. ॲमस्टरडॅमला हा धागा वेंगुर्ल्याचा. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यात होती, तिचे अवशेष अजून आहेत. त्याच कंपनीचं मुख्यालय ॲमस्टरडॅमला होतं. आता तिथे विद्यापीठ भरतं आणि अंगणात डोकावता येतं. माझी आई सावंतवाडीची. त्या अंगणात ती गप्प उभी राहिली आणि मग म्हणाली, "इथे बसून ते आपल्या मिऱ्यांचा हिशेब मांडत होते."

होडीचं म्हणाल तर व्हेनिसच्या गोंडोलाचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ११० युरो आहे. हा दर माणशी नसून होडीचा असतो आणि होडीत पाच जण बसतात. नुसतं गोंडोलात उभं राहिल्याचं समाधान हवं असेल तर ग्रँड कॅनॉल ओलांडणारी त्रागेत्तो होडी दोन युरोत पलीकडे नेते. वापोरेत्तोचं सुटं तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटांसाठी. हे महाग पडतं, म्हणून तीन दिवसांचा ४५ युरोंचा पास घ्या. हे दर बदलत असतात, निघण्याआधी तपासा. ॲमस्टरडॅमला सेंट्राल स्टेशनच्या मागून पलीकडच्या तीरावर जाणारी फेरी फुकट आहे. आई आणि सासूबाईंनी ती दिवसातून दोनदा केली. ब्रूजला उघड्या होडीतून एकाच ठरलेल्या वाटेची अर्ध्या तासाची फेरी असते, ती सकाळी लवकर करा.

पोटाचं काय

शाकाहारी घरांसाठी ॲमस्टरडॅम पुष्कळच सोपं आहे, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. १८७३ मध्ये लल्ला रूख नावाच्या जहाजातून बिहार-उत्तर प्रदेशाकडचे मजूर डचांच्या दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम वसाहतीत नेले गेले. पुढे अशी कितीतरी जहाजं गेली. सुरिनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांचे हजारो वंशज नेदरलँड्समध्ये आले, आणि त्यांच्या खानावळी ॲमस्टरडॅमभर आहेत. पातळ रोटी, मसाल्याचा बटाटा, चवळीच्या लांब शेंगांची भाजी, डाळीचा वडा, त्याला ते बारा म्हणतात. मांस आणि अंडं नको एवढं सांगितलं की झालं. गल्ल्यावरच्या बाई सासूबाईंशी त्यांच्या सरनामी बोलीत बोलल्या, सासूबाई हिंदीत, आणि दोघींचं जमलं.

व्हेनिसला जपून. पास्ता शाकाहारी दिसतो पण बिगोली इन साल्सामध्ये खारवलेली मासळी असते, रिसोत्तोत मांसाचं पाणी असू शकतं. तिथे मी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यायला सांगते. रिआल्तोच्या बाजारात सकाळी ताजी भाजी मिळते, रविवारी तो बंद असतो. वसंतात आर्टिचोकचे कोवळे कळे येतात, ते लसूण घालून परतले की पोळीबरोबर छान लागतात. मासे खाणाऱ्यांना मात्र व्हेनिससारखं गाव नाही.

बेल्जियममध्ये एक गोष्ट आधीच माहीत हवी. तिथले प्रसिद्ध बटाट्याचे फ्राईज परंपरेनं गाईच्या चरबीत तळतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. पुरतं शाकाहारी जेवण हवं असेल तर अँटवर्पला उतरा. हिऱ्यांच्या व्यापारातल्या गुजराती जैन कुटुंबांमुळे तिथे सोय आहे, आणि ॲमस्टरडॅमहून ब्रूजला जाताना ते वाटेवरच पडतं.

सुट्ट्या आणि तिकिटं

दिवाळीच्या सुट्टीत व्हेनिस म्हणजे आक्वा आल्ताचे, उधाणाच्या पाण्याचे दिवस. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. ऑक्टोबर २०२० पासून मोसे नावाचे दरवाजे समुद्राकडच्या तीन मुखांशी उचलले जातात, त्यामुळे मोठं पाणी आता आत येत नाही. सान मार्कोचा चौक सखल आहे, तिथे थोडं पाणी तरीही दिसू शकतं. मला तो काळ आवडतो, धुकं असतं आणि गर्दी कमी. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र व्हेनिसला लहान मुलं किंवा म्हातारी माणसं नेऊ नये, उन्हाचा त्रास होतो. मुलांची परीक्षा एप्रिलमध्ये संपत असेल तर ॲमस्टरडॅम. कौकेनहोफची ट्यूलिपची बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, त्या दिवशी रस्त्यात पाऊल ठेवायला जागा नसते.

ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी. तो मंगळवार चुकवू नका, पण आतले जिने फार उभे आहेत, आई-वडिलांना बाहेर थांबवावं लागेल हे धरून चला. व्हेनिसला वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी दिवसाच्या पाहुण्यांकडून प्रवेश शुल्क घेतात. मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, फक्त आधी ऑनलाइन नोंद करावी लागते. ॲमस्टरडॅमचा पर्यटन कर खोलीभाड्याच्या १२.५ टक्के आहे, तो बऱ्याचदा शेवटी कळतो. व्हिसा तिन्हीकडे शेंगेनचाच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, आणि ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा.

माझं मत असं. आई-वडील बरोबर असतील तर ॲमस्टरडॅम. मुंबईहून थेट विमान आहे, विमानतळावरून रेल्वेनं पंधरा-सतरा मिनिटांत गावात पोचता, आणि ताकद उरली तर शेवटच्या दोन रात्री ब्रूजला काढा. दोघंच असाल आणि चालायची हौस असेल तर बेधडक व्हेनिस. तिथे स्वस्त म्हणून मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत चार रात्री राहण्यापेक्षा बेटावर दोन रात्री राहा आणि उरलेले दिवस जवळच्या पादुआ शहराला द्या, रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत पोचता. एकट्यानं जाणाऱ्या बाईला मी ब्रूजच सुचवेन. बेगाइनहोफच्या पांढऱ्या घरांच्या अंगणात तेराव्या शतकापासून बायका स्वतःच्या हिमतीवर, मठाची कायमची शपथ न घेता राहत होत्या. तिथल्या उंच झाडांखाली मी एक अख्खी दुपार बसले होते, कोणी हटकलं नाही.

आणि गाव कोणतंही ठरो, पैसे भरण्याआधी घरमालकाला एवढं विचाराच: लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते, की आधी चार पायऱ्या चढून मग लिफ्ट?