‘जुन्या गाडीचं खास ऑइल’ आणि घरपोच बायोडिझेल: निफाड पट्ट्यातली फसवणूक

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या द्राक्षपट्ट्यात तीस-चाळीस वर्षांचे मॅसी, झेटर, बी-२७५ ट्रॅक्टर अजून रोज ब्लोअर (औषध फवारायचं यंत्र) ओढतात. त्यांच्या मालकांना गाठून दोन वस्तू गळ्यात मारल्या जातात: २० लिटरच्या बकेटमधलं इंजिन ऑइल आणि बांधावर येणारं बॅरलमधलं ‘बायोडिझेल’. ऑइल विकताना माणूस म्हणतो, ‘जुन्या इंजिनाला खास ऑइल लागतं.’ डिझेल विकताना तोच म्हणतो, ‘जुन्या इंजिनाला काहीही चालतं.’ दोन्ही वाक्यं खोटी आहेत.

निफाडकडच्या एका तीन सिलिंडर ट्रॅक्टरचं उदाहरण घ्या. मालकाने दोन्ही माल घेतला, बिल घेतलं नाही. महिन्याभरात तक्रार सुरू झाली: सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते, पण तापल्यावर बंद केली की पुन्हा लागत नाही. ही रोटरी पंप, म्हणजे नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा फिरता पंप, झिजल्याची ओळखीची खूण आहे. पंप थंड असतो तेव्हा डिझेल घट्ट असतं आणि झिजलेल्या फटीतूनही दाब टिकतो. पंप तापला की डिझेल पातळ होतं आणि दाब निसटतो. खात्री करायची असेल तर बंद इंजिनाच्या पंपावर थंड पाण्याचं ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा. त्यानंतर गाडी चालू झाली तर दोष हेड-रोटरचा, म्हणजे पंपातला फिरणारा रोटर आणि त्याला धरणारं हेड यांचा. ही जोडी एकमेकांना जुळवलेली असते, त्यामुळे एकटा रोटर बदलून भागत नाही.

असं का झालं ते पंपाच्या रचनेत आहे. रोटरी पंपाला वेगळं ऑइल नसतं, आतून जाणारं डिझेलच त्याचं वंगण. रांगेत नळ्या असलेल्या इनलाइन पंपाच्या खालच्या भागात स्वतःचं ऑइल असतं, तो थोडं जास्त सोसतो. पण त्याचे प्लंजरही डिझेलवरच चालतात. रॉकेल किंवा पातळ सॉल्व्हंट मिसळलेल्या इंधनात ते वंगण उरत नाही. पामतेलापासून केलेलं बायोडिझेल शुद्ध असलं तरी पारा १० अंशांच्या वर असतानाच गढूळ होऊ लागतं, आणि निफाडला थंडीत पारा ५-६ अंशांच्याही खाली जातो. फिल्टरमध्ये मेण जमतं, गाडी बांधावर उभी राहते. शिवाय ते टाकीतला जुना गाळ सोडवून पुढे ढकलतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगवतं.

आणखी एक भीती घातली जाते, ती म्हणजे पेट्रोल पंपावरचं नवं डिझेल जुन्या इंजिनाला मारतं. देशभर २०१७ पासून डिझेलमध्ये गंधक दशलक्षात ५० भागांपर्यंत आणि १ एप्रिल २०२० पासून १० भागांपर्यंत आणलं गेलं, हे खरं. पण गंधक काढताना कमी झालेली वंगणक्षमता रिफायनरीतच ॲडिटिव्ह घालून भरून काढतात, तिची मर्यादा मानकात ठरलेली आहे. म्हणून बाटलीतलं महागडं औषध ओतायची गरज नाही. जुने रबरी सील मात्र नव्या डिझेलने आकसून झिरपू शकतात. त्यावर उपाय नवे सील.

भेसळीची गोष्ट या जिल्ह्याला सांगायला नको. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, आणि तिथेच २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. बिनबिलाच्या बॅरलमागे कोण असू शकतं, ते यावरून समजावं.

डिझेल पेट्रोल पंपावरूनच घ्या. पंपावर त्या दिवशीची घनता लिहिलेली असते. शंका आली तर हायड्रोमीटर लावून मोजायला सांगा. १५ अंशांना आणलेला आकडा लिहिलेल्या आकड्यापासून घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त हलता कामा नये. पाच लिटरच्या मापात २५ मिलिलिटरहून जास्त तूट चालत नाही. घरी काचेच्या बरणीत डिझेल रात्रभर ठेवा, तळाशी पाणी किंवा गाळ लगेच दिसतो.

आता ऑइल. ‘खास’ बकेटमध्ये बहुतेक वेळा गॅरेजमधून गोळा केलेलं काळं ऑइल असतं, ॲसिड आणि मातीने धुऊन रंग दिलेलं. झाकणाचं सील, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख पाहा. डब्यावरचे हे आकडे पुसट किंवा खरवडलेले असतील तर परत करा. चमचाभर ऑइल तापलेल्या तव्यावर टाका, तडतडलं तर पाणी आहे. करपट वास किंवा टिपकागदावर काळा ठिपका नव्या ऑइलला येत नाही. ॲडिटिव्ह आहेत की नाहीत हे घरी कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी: ४० ग्रेडची चिकटता १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांच्यामध्ये यायला हवी.

बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांना साधं १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०, एपीआय सीएफ-४ (डब्यावर लिहिलेला ऑइलचा दर्जा) किंवा त्यावरचं, व्यवस्थित चालतं. तरी पुस्तिकेतला ग्रेड आधी बघा. वर्षानुवर्षं हलक्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात एकदम वरच्या दर्जाचं सीआय-४ ओतलं तर त्यातलं डिटर्जंट गाळ सुटा करतं आणि ऑइल ओढणारी जाळी तुंबते. आधी चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून जाळी धुवा, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि पहिला बदल ५० तासांवर करा. गिअरबॉक्समध्ये पितळी बुश असतील तर जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल कुणी कितीही ‘भारी’ म्हणून दिलं तरी भरू नका, पुस्तिकेत जीएल-४ असेल तर तेच.

खराब डिझेल भरलं गेलंच असेल तर सेल्फ मारू नका. टाकी रिकामी करा, पाच लिटर चांगल्या डिझेलने धुवा, दोन्ही फिल्टर बदला. मग हवा काढा: आधी फिल्टरचा स्क्रू, नंतर पंपाचे, शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट. काढलेल्या मालातलं एक लिटर स्वच्छ बाटलीत सीलबंद करून तारीख लिहा. तक्रार तहसीलच्या पुरवठा शाखेत देता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाखल करता येते. बिल असेल तर बाजू बरीच भक्कम होते.