ग्रीस निप्पल मोकळं करायचं हातोडीचं औजार, आठ महिने वापरून

मागच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर जोडला आणि दुसऱ्याच दिवशी पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांध्यातला चार टोकांचा तुकडा, गेला. रान ऐन वापशावर आलेलं, शेजारच्यांचे ट्रॅक्टर चालू, आणि आमचा बांधाला उभा. क्रॉस उघडून बघितला तर चारपैकी तीन कपांत ग्रीस बरोबर होतं आणि चौथ्या कपातल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) पार कोरड्या, नुसती लाल भुकटी. मी रोज सकाळी ग्रीस गन मारायचो, सीलातून ग्रीस डोकावलं की झालं म्हणायचो. चारी बाजूंनी येतंय का हे कधी बघितलंच नव्हतं. नवा क्रॉस, मिस्त्रीची मजुरी आणि गेलेला दीड दिवस, ते मला फार लागलं.

त्या रात्री बॅटरी घेऊन ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि ट्रॉलीचे सगळे निप्पल (गननं ग्रीस आत भरायच्या छोट्या झडपा) मोजले. २३ निघाले, त्यातले ७ ग्रीस घेतच नव्हते. गन दाबली की दांडा दगडासारखा व्हायचा आणि ग्रीस निप्पलच्या बाजूनं बाहेर. म्हणून हे औजार १,६५० रुपयांना ऑनलाइन मागवलं. तुम्ही बघितलं असेलच, आत डिझेल भरायचं, तोंड निप्पलवर बसवायचं आणि वरच्या दांड्यावर हातोडी मारायची. डिझेल दाबानं आत घुसतं आणि वाळलेलं ग्रीस ढिलं करतं.

पहिल्या आठवड्यात माझं मत एकदम वाईट झालं होतं. कारण एकच, त्याचं तोंड. हातोडी मारली की अर्धं डिझेल निप्पलच्या बाजूनं बाहेर, शर्टावर, दाढीवर, एकदा तर डोळ्यापर्यंत आलं. परत भरा, परत मारा. पिस्टन काढून बाटलीतनं ओतायला गेलं की सांडतंच, मग मी जनावराच्या इंजेक्शनची मोठी सिरिंज धुवून घेतली, त्यानं भरायला लागलो तेव्हा जरा बरं झालं. पण तोंडाचं काय? आतला रबरी वायसर दहाव्या दिवशी कापला गेला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे वायसर वॉरंटीत येत नाही, पूर्ण तोंड घ्या, ६०० रुपये. १,६५० च्या वस्तूला ६०० चं तोंड? तीन वेळा फोन केला, फोटो पाठवले, काही उपयोग नाही. शेवटी तालुक्याच्या हायड्रॉलिकवाल्याकडं त्याच मापाचा वायसर २० रुपयांना मिळाला, आणि तो त्यांच्या वायसरपेक्षा जास्त टिकला. ज्यांनी बनवलं त्यांनी बॉक्समध्ये दोन वायसर जादा टाकले असते तर काय बिघडलं असतं, हे मला अजून कळत नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो. गळतीचा सगळा दोष औजाराचा नव्हता. ट्रॉलीच्या कमानपाट्यांचे निप्पल घासून डोकं गोल झालेले होते, त्यावर कुठलंच तोंड धरत नाही. ते पान्यानं काढून नवे बसवले, एकेक १० रुपयांना, आणि दोन मिनिटांत काम झालं. म्हणजे ७ पैकी ४ ठिकाणी मला या औजाराची गरजच नव्हती. म्हणून विकत घ्यायच्या आधी हे करा: निप्पल खोला (आमच्याकडं बहुतेक ८ एमएमच्या आट्याचे, त्याला ९ चा पाना लागतो), खोललेला निप्पल गनलाच लावून दाबा. ग्रीस निघालं तर निप्पल चांगला आहे आणि आतलं भोक तुंबलंय. नाही निघालं तर निप्पलच गेलाय, आतली गोळी अडकलीय, नवा घाला. दाभणाच्या बोथट बाजूनं गोळी दाबून बघा, स्प्रिंगनं परत वर आली पाहिजे.

पण भोक तुंबलेलं असलं की मग या औजाराला तोड नाही, आणि इथं माझं मत बदललं. पुढच्या एक्सलचा डावा किंगपिन, म्हणजे ज्यावर चाक डावं-उजवं वळतं ती पिन. निप्पल नवा, तरी थेंब जात नव्हता. मिस्त्री म्हणाला पिन काढावी लागेल, प्रेसवर न्यावी लागेल. मी एक्सलखाली जॅक लावून चाक अधांतरी केलं, कारण वजन पिनवर असताना ग्रीसला जागाच मिळत नाही. मग डिझेल मारून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी परत मारायला लागलो, मुलगा स्टेअरिंग डावी-उजवी फिरवत होता. चौदा-पंधरा ठोक्यांनंतर खालच्या फटीतून आधी तपकिरी पाणी आलं, मग चहाच्या चोथ्यासारखे काळे कण, आणि मग मेणासारखा कडक तुकडा सुटून खाली पडला. तो मी हातात घेऊन चुरडला, तेलाचा अंशही नव्हता. ग्रीस म्हणजे साबण आणि तेल, तेल निघून गेलं की हा साबण उरतो आणि भोक बुजवतो. त्यानंतर गन लावली तर पहिल्याच दाबाला ग्रीस आत गेलं. इतका आनंद मला नव्या टायरचा झाला नव्हता.

डिझेल आत ठेवू नका मात्र. ते नव्या ग्रीसला पातळ करतं, म्हणून स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारत राहायचं, ग्रीस वाया जातंय असं वाटलं तरी. आणि ग्रीस एकाच प्रकारचं ठेवा. माझ्या ट्रॉलीत आधीच्या मालकानं पिवळं चॅसी ग्रीस भरलेलं होतं, मी एपी-३ ग्रीस मारायचो, दोन वेगळ्या बेसची (वेगळ्या साबणाची) ग्रीस मिसळली की कधी पातळ होतात तर कधी घट्ट, आणि हे मला फार उशिरा कळलं.

नुकसानही झालं. डिसेंबरात रोटाव्हेटरच्या साइड बेअरिंगवर हेच करायला गेलो आणि सील बाहेर आलं. चूक माझी, जिथं सील आहे तिथं हातोडीचा दाब लावायचा नसतो, तिथं निप्पल काढून भोकात थोडं डिझेल सोडून वाट बघायची.

आणि हात. तोंडाजवळ बोट कधीच ठेवू नका, चष्मा लावा. इतक्या दाबाचं डिझेल किंवा ग्रीस कातडीतून आत गेलं तर वर नुसता टिंबाएवढा डाग दिसतो आणि आत बोट सडायला लागतं. दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा, बोट जाऊ शकतं.

पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा कापला तो वायसरसाठी आणि एक त्या फोनसाठी. सध्या २३ पैकी २२ निप्पल ग्रीस घेतात, राहिलेला ट्रॉलीच्या हुकाजवळचा, तो पेरणीआधी बघणार. वायसर चार जादा आणून ठेवलेत.