पिंप्राळा की भुसावळ? जळगावात नोकरी लागलेल्यांसाठी भाड्याचा हिशोब

जळगावात नोकरी लागली, पगार बेताचा आणि महाबळकडची भाडी परवडत नाहीत, की दोन नावं हटकून पुढे येतात. एक शहराच्या पश्चिमेचं पिंप्राळा, दुसरं पंचवीसेक किलोमीटरवरचं भुसावळ. म्हणजे तिथे राहायचं आणि रोज अपडाऊन करायचं.

भाडं भुसावळला कमी, यात वाद नाही. पण दलाल फक्त भाड्याचा आकडा सांगतो. खान्देशातला खरा खर्च मार्च ते जूनमध्ये कळतो.

कूलरचंच घ्या. दोनशे वॅटचा कूलर पंधरा तास चालला की दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. पंखे, फ्रिज धरून शंभर युनिट कधीच ओलांडली जातात आणि महावितरणचा शंभराच्या पुढचा दर जवळपास दुप्पट आहे. म्हणून घर बघताना पहिला प्रश्न: मीटर स्वतंत्र आहे का? घरमालकाच्या मीटरवर सबमीटर असेल तर दोन बिऱ्हाडांची युनिटं एकत्र होऊन वरच्या दरात जातात आणि भुर्दंड भाडेकरूला. पत्र्याची किंवा वरच्या मजल्याची खोली स्वस्त पडते. मे महिन्यात ती पैसे वसूल करते. (गच्ची मात्र हवीच. पापड-कुरडया वाळवायच्या कुठे?)

कूलरला पाणीही लागतं, दिवसाला दोन-चार बादल्या. नळाला रोज पाणी दोन्हीकडे नाही. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, भुसावळला तापीचं. नदी उशाशी असूनही भुसावळचा खाडा मोठा. तिथे बोअर आणि मोठी टाकी असलेलंच घर घ्या. नाहीतर भाड्यात वाचलेलं टँकरवाल्याला जाईल.

आता अपडाऊन. भुसावळ जंक्शन असल्यामुळे गाड्यांना तोटा नाही आणि रेल्वेचा मासिक पास पेट्रोलच्या मानाने काहीच नाही. मात्र साध्या पासावर सुपरफास्टला चढता येत नाही, जादा आकार भरावा लागतो. आरक्षित डब्यात तर बसूच नका. ऑफिस जळगाव स्टेशनच्या आसपास, नवी पेठ किंवा गोलाणी मार्केटकडे असेल तर भुसावळ फायद्याचं. स्टेशनवरून पुढे रोज रिक्षा करावी लागत असेल तर हिशोब पुन्हा मांडा. बाईमाणसाला एसटीत २०२३पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे घरातल्या कमावत्या बाईसाठी बसही परवडते.

एमआयडीसीत काम असेल तर गंमत आहे. पिंप्राळ्याहून निघालात तर आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौक असं अख्खं शहर आडवं पार करायचं, तेही शिफ्टच्या गर्दीत. भुसावळहून नशिराबादमार्गे हायवेने एमआयडीसी शहराच्या अलीकडेच लागते. अंतर जास्तच, पण सिग्नलची कटकट कमी. तरी रोजचं पन्नास किलोमीटर दुचाकीचं पेट्रोल धरलं तर माझं मत पिंप्राळ्याकडेच झुकतं.

किराणा-भाजीत फारसा फरक नाही. केळी दोन्हीकडे स्वस्त आणि भरताची वांगी हिवाळ्यात दोन्हीकडे ढिगाने.

पिंप्राळ्याच्याच बाजूला असलेल्या बांभोरीला विद्यापीठात काम असेल तर प्रश्नच मिटला, पिंप्राळा. आणि रात्रपाळी असेल तर परतीच्या गाड्यांच्या वेळा बघितल्याशिवाय भुसावळच्या घराला टोकन देऊ नका.